पाच वॅट आणि वीस मीटर तार

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत काही दिवसांपूर्वी एका वाचकाने विचारले होते की, प्रत्येकाच्या हातात मोबाइल असताना गच्चीवर तारा ताणून अनोळखी माणसांशी बोलण्याचा हौशी रेडिओचा छंद आता कोणाच्या उपयोगाचा उरला आहे. प्रश्न रास्त आहे आणि तो कोणाला टोचावा म्हणून विचारलेला नव्हता, म्हणून त्याच सदरातून उत्तर देण्याची परवानगी मागतो. गेल्या महिन्यात तळहातावर मावणारा, जेमतेम पाच वॅट शक्तीचा एक नवा ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारा आणि घेणारा एकच संच) मी प्रथमच वापरून पाहिला. त्या अनुभवातूनच हे उत्तर आले आहे, आणि त्याच्या पोटात इंदूरच्या मराठी संस्थांना एक विनंतीही आहे.

मला हौशी रेडिओचा परवाना मिळून चाळीस वर्षे होत आली. त्या वेळी आम्ही इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या वाड्यात राहत होतो. ८०७ क्रमांकाचा व्हॉल्व्ह लावून घरीच बांधलेला प्रेषक (ट्रान्समीटर), लष्कराच्या मोडीत निघालेल्या सामानातून मिळवलेला ग्राहक संच (रिसीव्हर) आणि वाड्याच्या दोन चौकांवरून आडवी ताणलेली तांब्याची तार एवढ्या भांडवलावर पहाटे पाच वाजता जपानपर्यंत आवाज पोहोचत असे. पुढे वाडा पडला, आम्ही लोकमान्य नगरात फ्लॅटमध्ये आलो आणि छंदाला उतरती कळा लागली. इमारतीच्या सोसायटीने गच्चीवर तार बांधण्यास लेखी नकार दिला. कारणांत ‘विजेचा धोका’ आणि ‘किरणोत्सर्ग’ असे दोन शब्द होते. नियमांचे कागद दाखवून झाले, एका सभेत पाऊण तास बोलून झाले, पण उपयोग झाला नाही. त्या पदाधिकाऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही, कारण न कळणाऱ्या गोष्टीची भीती वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्या नकाराने माझी सहा वर्षे गेली, हेही तितकेच खरे.

सोसायटीने होकार दिला असता तरी दुसरी अडचण होतीच. आज कोणत्याही वस्तीत एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर आणि टीव्हीचे पॉवर सप्लाय लघुलहरींवर (शॉर्ट वेव्हवर) इतका गोंगाट करतात की, घरात ग्राहक संच सात मेगाहर्ट्‌झवर लावला तर कोणी बोलत नसतानाही सिग्नलचा काटा सातवर जाऊन थांबतो. त्या खरखरीच्या खाली येणारे स्टेशन तुम्हाला कळतच नाही. समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ येत असतो आणि तुम्ही मात्र त्याला ऐकू शकत नाही. शंभर वॅटचा संच कपाटात कापडाखाली झाकून ठेवण्याची वेळ माझ्यावर आली ती मुख्यतः या कारणाने.

हे दोन्ही प्रश्न एकाच उपायाने सुटतात, तो म्हणजे संच घेऊन वस्तीबाहेर पडणे. पण शंभर वॅटचा संच पूर्ण शक्तीने पाठवताना वीस अँपियरच्या आसपास विद्युतप्रवाह मागतो, म्हणजे सोबत मोटारीची बॅटरी वागवावी लागते, आणि सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला ती टेकडीवर नेणे जमत नाही. पाच वॅटच्या यंत्राचे महत्त्व इथे आहे. बिनतारी संदेशांच्या सांकेतिक भाषेत ‘क्यूआरपी’ म्हणजे ‘शक्ती कमी करा’; त्यावरूनच कमी शक्तीवर काम करण्याच्या या शाखेला क्यूआरपी हे नाव पडले. मोर्ससाठी, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीसाठी, पाच वॅट आणि आवाजासाठी दहा वॅट ही त्याची सर्वमान्य मर्यादा आहे. घरातल्या रात्रीच्या दिव्याएवढी ही शक्ती.

मी घेतलेल्या यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या पत्राला जाहिरातीचा वास येऊ नये. ते पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडे मोठे आहे. समोर एक फिरवायची कळ, दोन बटणे आणि चार ओळींचा पडदा. साडेतीन ते चौदा मेगाहर्ट्‌झच्या दरम्यानचे पाच पट्टे (बँड) त्यावर लागतात. त्यातला शेवटचा ट्रान्झिस्टर विजेच्या बटणासारखा एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद राहतो, अर्धवट उघडा राहत नाही, त्यामुळे बॅटरीतून घेतलेली बहुतेक ऊर्जा उष्णतेत वाया न जाता तारेत जाते. पाच वॅट पाठवताना ते बारा व्होल्टवर साधारण अर्धा अँपियर घेते. लिथियमच्या तीन सेलची बॅटरी मी सकाळी लावली ती संध्याकाळपर्यंत पुरली. दोष सांगायचे तर त्याचा स्पीकर उघड्यावर अगदीच अपुरा पडतो, कानाला हेडफोन लावल्याशिवाय काम होत नाही. आणि जवळच एखादे जोरदार स्टेशन लागले की दुबळे स्टेशन त्याखाली दबून जाते. मोठ्या संचाची निवडक्षमता यात नाही.

अशा यंत्रांच्या बाबतीत आपल्या देशाने जगाला काही दिले आहे, हे मराठी वाचकांना कळावे म्हणून थोडे विषयांतर करतो. हैदराबादचे अशर फरहान (कॉल साइन, म्हणजे हवेतली ओळखखूण, व्हीयू२ईएसई) यांनी २००३ साली ‘बिट्‌एक्स’ नावाचा ट्रान्सीव्हर मांडला. परदेशी मालाची वाट न पाहता साध्या दुकानात मिळणाऱ्या ट्रान्झिस्टरांतून कोणालाही तो बांधता यावा, असा त्यांचा विचार होता. त्याची आकृती त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आणि पुढे देशोदेशींच्या हौशी लोकांनी तो आपापल्या टेबलावर बांधला. इंदूरच्या महाराणी रोडवरून सुटे भाग आणून बिट्‌एक्स बांधण्यात मी माझ्या उतारवयातला एक पावसाळा घालवला आहे आणि त्या चार महिन्यांत जे शिकलो ते विकतच्या कोणत्याही यंत्राने मला शिकवले नाही.

नव्या यंत्राची चाचणी मी जानापावच्या टेकडीवर घेतली. इंदूरजवळच्या महूच्या पुढची ही टेकडी साडेआठशे मीटरांहून उंच आहे, चंबळ नदी तिथे उगम पावते आणि परशुरामाचे स्थान म्हणून आपल्यापैकी अनेकजण तिथे गेलेले असतील. सोबत तेरा वर्षांची नात होती. सामान म्हणाल तर यंत्र, बॅटरी, मोर्सची की (संकेत पाठवण्याची कळ), एक वही, नायलॉनची दोरी आणि वीस मीटर साधी इन्सुलेटेड तार. सात मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे चाळीस मीटर असते आणि तिच्या निम्म्या लांबीची तार त्या लहरीवर आपोआप झंकारते, म्हणून वीस मीटर. दोरीच्या टोकाला लोखंडी नट बांधून तो झाडाच्या फांदीवरून फेकायचा आणि तार वर ओढायची, एवढेच काम. नट तिसऱ्या फेकीत गेला. तारेचे खालचे टोक फेराइटच्या वळ्यावर गुंडाळलेल्या लहानशा ट्रान्सफॉर्मरला जोडले आणि यंत्र चालू केले.

पहिली दहा मिनिटे वाया गेली. हाक मारली की पडद्यावर परतलेल्या शक्तीचा आकडा भलताच मोठा दिसे. म्हणजे तार शक्ती स्वीकारत नव्हती, ती मागे फिरून यंत्राकडेच येत होती. अशा स्थितीत हाका मारत राहिलो असतो तर ट्रान्झिस्टर जळाला असता. नातीने ट्रान्सफॉर्मरची डबी उघडली तेव्हा दिसले की, घरी मी दिलेला एक डाख (सोल्डरचा सांधा) धरलाच नव्हता. तार कथिलाच्या थेंबाला नुसती टेकून होती. डाख देण्याचे साधन जवळ नव्हते. चाकूने तारेचे टोक खरवडून पीळ दिला, वरून चिकटपट्टी गुंडाळली, आणि तो आकडा खाली आला.

त्या उंचीवर प्रथम जाणवली ती शांतता. हेडफोनमध्ये सात मेगाहर्ट्‌झवर इतकी कमी खरखर मी गेल्या दहा वर्षांत ऐकली नव्हती. शहरात जे स्टेशन कळलेही नसते ते इथे स्वच्छ येत होते. सकाळी नवाच्या सुमारास ७.०३० मेगाहर्ट्‌झवर, जिथे कमी शक्तीची मोर्स स्टेशने एकमेकांना शोधतात, मी हाक दिली. चौथ्या हाकेला पुण्याहून उत्तर आले. त्या गृहस्थांनी मला ५-५-९ असा अहवाल दिला, म्हणजे प्रत्येक अक्षर कळते, सिग्नलची ताकद नवापैकी पाच आणि स्वर निर्मळ. इंदूर ते पुणे हवाई अंतर पाचशे किलोमीटरांच्या वर आहे. मी त्यांना विनंती केली की, मी शक्ती एक वॅटवर आणतो, तरी ऐकू येते का पाहावे. त्यांनी एक मिनिट ऐकले आणि ५-४-९ कळवले. पाचाचा एक वॅट केला आणि तिकडे फरक पडला तो ताकदीच्या एका पायरीचा.

यात चमत्कार काही नाही, आणि हा हिशेब नीट कळला तर कमी शक्तीविषयीचा बराच गैरसमज दूर होईल. सिग्नलच्या मोजपट्टीवरची एक पायरी सहा डेसिबलची असते. शंभर वॅटवरून पाच वॅटवर उतरले की तेरा डेसिबल, म्हणजे दोन पायऱ्यांहून किंचित अधिक घट होते. ज्याला तुम्ही नऊच्या ताकदीने ऐकू येत होतात त्याला सातच्या आतबाहेर ऐकू येता, आणि त्याच्याकडे गोंगाट तीनचा असेल तर त्याला काहीच अडचण येत नाही. उरलेले काम वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर करते. सूर्याच्या किरणांनी तिथला वायू विद्युतभारित होतो आणि लघुलहरींना पृथ्वीकडे परत वळवतो. पाच वॅटची लहर असो की पाचशेची, वळण सारखेच. शिवाय मोर्सचा संकेत आवाजाच्या मानाने फारच अरुंद पट्टीत मावतो, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही आपला ग्राहक तितकाच अरुंद करून बाकीची खरखर बाहेर ठेवता येते.

दुपारी बाराच्या सुमारास मी नातीच्या कानाला हेडफोन लावला आणि संच १४.१०० मेगाहर्ट्‌झवर आणला. या एकाच वारंवारतेवर जगभरातली अठरा हौशी दीपकेंद्रे (खूण म्हणून ठरावीक संकेत पाठवणारी स्वयंचलित स्टेशने) पाळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला दहा सेकंद, आणि तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक केंद्र मोर्समध्ये आपली कॉल साइन सांगते आणि मग एकेक सेकंदाच्या चार लांब रेघा पाठवते. पहिली रेघ शंभर वॅटची, दुसरी दहाची, तिसरी एका वॅटची आणि चौथी वॅटच्या दहाव्या हिश्शाची. श्रीलंकेतल्या केंद्राची पाळी आली तेव्हा तिने डोळे मिटून वहीवर रेघा मारल्या. एक ठळक, दुसरी ठळक, तिसरी बारीक. मग पेन्सिल वहीवर टेकवून ती थांबली, आणि चौथी रेघ मारलीच नाही. पुढच्या फेरीत पुन्हा तसेच झाले. तिसऱ्या फेरीत तिने चौथी रेघही काढली, अगदी हलकी, आणि म्हणाली, “आजोबा, होती. नक्की होती.” मी हेडफोन मागून घेतला नाही. कोलंबो तिथून अठराशे किलोमीटर आहे. एक वॅट म्हणजे किती आणि तो कुठवर जातो, हे भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर मी अनेक वर्षे शिकवले. पण त्या वहीवरच्या फिकट होत गेलेल्या रेघांइतके स्पष्ट मला ते कधी मांडता आले नव्हते.

आवाजाचा प्रयोग मात्र तितकासा साधला नाही. दुपारनंतर चाळीस मिनिटे मी बोलून हाका मारल्या, त्यात फक्त नाशिकचे एक स्टेशन मिळाले आणि त्यांनाही माझा गाव दोनदा विचारावा लागला. पाच वॅटवर आवाजाने काम करायचे तर आपण हाका मारण्यापेक्षा दुसऱ्याच्या हाकेला उत्तर द्यावे, हे जुने जाणते सांगतात ते खरे आहे. ज्यांना मोर्स येत नाही त्यांनी निराश होऊ नये म्हणून एवढेच सांगतो की, रोज वीस मिनिटे दिली तर चार महिन्यांत कामापुरता मोर्स कानात बसतो. अट एकच, टिंब आणि रेघ मोजू नयेत, अक्षराचा नाद लक्षात ठेवावा, जसे आपण तबल्याचे बोल ओळखतो.

आणखी एक प्रसंग नमूद करतो. तार झाडावरून काढत असताना एक पोलीस शिपाई येऊन उभा राहिला. महू हे लष्करी ठाणे आहे, सैन्याचे दूरसंचार शिकवणारे महाविद्यालयही तिथेच आहे, तेव्हा टेकडीवर तारा ताणणाऱ्या माणसाला त्याने हटकावे हे योग्यच होते. मी परवान्याची मूळ प्रत आणि वही दाखवली. त्याने दोन्ही शांतपणे वाचली आणि मग दहा मिनिटे स्वतः हेडफोन लावून बसला. जे कोणी असा संच घेऊन बाहेर पडतील त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, परवान्याची मूळ प्रत जवळ ठेवावी, आणि परवाना नसताना असे यंत्र मुळीच चालवू नये. बाजारात सहज मिळणारे वॉकीटॉकी घेऊन वाटेल त्या वारंवारतेवर परवान्याशिवाय बोलणे हा गुन्हा तर आहेच, त्याने दुसऱ्या कोणाच्या गरजेच्या वेळी अडथळाही होऊ शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मोबाइल असताना हे कशाला? मोबाइल चालतो तो मधल्या मनोऱ्यावर, त्या मनोऱ्याला मिळणाऱ्या विजेवर आणि जमिनीखालच्या केबलवर. माझ्या वीस मीटर तारेच्या आणि पुण्यातल्या तारेच्या मध्ये काहीही नव्हते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला आणि भुजचे दूरध्वनी बंद पडले तेव्हा हौशी रेडिओचालकांनी तिथे जाऊन निरोपांची ने-आण केली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी हौशी रेडिओचालक भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी रेडिओच्याच मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला असता त्यांच्या संचावरून निरोप येत-जात राहिले. या लोकांना तार कुठे बांधावी, बॅटरी किती टिकेल, गोंगाटात नाव कसे उच्चारावे हे त्या दिवशी शिकावे लागले नाही. ते त्यांनी आधी कित्येक रविवारी छंद म्हणून केलेले होते. पाच वॅटचे यंत्र हा सराव घडवते. त्यात बॅटरी जपून वापरावी लागते, तार नीट कापावी लागते आणि बोलण्यापेक्षा जास्त वेळ ऐकावे लागते.

परवाना केंद्रीय दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा आहे, ती प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम यांवर असते. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेले मूलही ती देऊ शकते. खालच्या श्रेणीला मोर्स लागत नाही. वरच्या श्रेणीला मिनिटाला ८ शब्दांचा वेग लागतो. दहावीच्या विज्ञानाचे पुस्तक ज्याने समजून वाचले आहे त्याला तीन महिन्यांची तयारी पुरेशी आहे. माझी नात या वर्षी बसणार आहे.

माझी विनंती अशी आहे. हौशी रेडिओच्या नियमांत व्यक्तीप्रमाणेच शाळा, महाविद्यालये आणि संस्था यांनाही स्टेशनचा परवाना मिळण्याची तरतूद आहे. तिथे एक परवानाधारक चालक जबाबदार असावा लागतो. इंदुरात मराठी माणसांच्या कितीतरी संस्था आहेत, त्यांच्या स्वतःच्या इमारती आहेत, त्या इमारतींना गच्च्या आहेत आणि वर्षातले बहुतेक दिवस त्या गच्च्यांवर वाळत घातलेल्या सतरंज्यांशिवाय काही नसते. रामबाग, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगर यांपैकी कुठेही एखाद्या संस्थेने आपल्या गच्चीच्या दोन टोकांना एकेक खांब उभा करून वीस मीटर तार ताणण्याची परवानगी दिली, तर चालकाची जबाबदारी मी घेतो. हा पाच वॅटचा संच, बॅटरी आणि मोर्सच्या दोन की मी त्या संस्थेच्या हवाली करीन आणि दर रविवारी सकाळी दोन तास मुलांना शिकवीन. त्यासाठी कोणाकडून काही घेणार नाही. वीज लागणार नाही. ज्या पाच वॅटनी मोबाइलच्या बॅटऱ्या चार्ज होतात तेवढीच शक्ती त्या तारेत जाते, हे संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना मी समोर बसून मोजून दाखवीन.

पुण्याच्या त्या गृहस्थांनी जाता जाता विचारले होते की, इंदूरहून आता पूर्वीसारखी स्टेशने का ऐकू येत नाहीत. मी त्यांना गच्चीचे कारण कळवले. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता ते ७.०३० वर पुन्हा ऐकणार आहेत. तोवर गच्ची मिळाली नाही, तर मी पुन्हा जानापावला जाईन. ज्या संस्थेची तयारी असेल तिने आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत मला कळवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व परवानाधारक हौशी रेडिओचालक
लोकमान्य नगर, इंदूर